छन्नाचे प्रतिप्रश्न : दलितांच्या आंतरराष्ट्रीय फिर्यादीचे एक परीक्षण

१० ऑक्टोबर १९५१ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मंत्रिपदाच्या राजीनाम्याची कारणे सांगणारे जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातील हिंदू कोड बिलाविषयीचा भाग सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच निवेदनातील एक कबुली मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. अस्पृश्यांच्या स्थितीविषयी संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवण्याकरिता आपण एक अहवाल सिद्ध केला होता. परंतु घटना समितीला आणि भावी संसदेला या प्रश्नाचा निकाल लावण्याची संधी द्यावी, असे वाटल्यावरून तो सादर केला नाही, असे बाबासाहेब तेथे सांगतात. या अहवालामागचा विचार एकाएकी सुचलेला नव्हता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळताच त्यांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या, आणि डुबॉय यांनी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांना उत्तरही दिले होते.

त्याच १९४६ साली आणखी एक गोष्ट घडली, तिची आठवण आपले राज्यकर्ते सोयीने ठेवतात आणि सोयीने विसरतात. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न हिंदुस्थानने राष्ट्रसंघाच्या आमसभेत नेला. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये, हा दक्षिण आफ्रिकेचा बचाव होता. आमसभेने तो मानला नाही व डिसेंबरमध्ये हिंदुस्थानच्या बाजूने ठराव झाला. राज्याने आपल्याच प्रजेशी केलेल्या अन्यायाचा जाब जगाने विचारावा, ही वाट पाडणाऱ्यांत आपण होतो, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

बाबासाहेबांनी न पाठविलेला अहवाल सुमारे अर्धशतकानंतर दुसऱ्यांच्या हातून लिहिला गेला, असे म्हटल्यास ते सर्वस्वी चूक होणार नाही. न्यूयॉर्क येथील ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मार्च १९९९ मध्ये 'ब्रोकन पीपल' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तीनशेहून अधिक दलित स्त्री-पुरुषांच्या व मुलांच्या मुलाखती घेऊन स्मिता नरूला यांनी तो सिद्ध केला. त्याआधी १९९८ मध्ये देशातील कार्यकर्त्यांनी दलित मानवी हक्कांची राष्ट्रीय मोहीम उभारली होती. नंतर २००० साली आंतरराष्ट्रीय दलित एकजूट जाळे स्थापन झाले, आणि २००१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरबानची जागतिक परिषद झाली. या सर्व हालचालीचे मूल्यमापन समाजशास्त्राच्या अंगाने पुष्कळांनी केले आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग विनयपिटकाचा असल्याने, दोष दाखविणे आणि दोषाचे उत्तर देणे यांविषयी विनयात जी दृष्टी आहे, तिच्या आधारे हे फिर्यादीचे वाङ्मय आणि त्याला शासनाने दिलेली उत्तरे तपासून पाहावीत, एवढाच येथे हेतू आहे.

विनयात दोषारोपाला 'चोदना' म्हणतात, आरोप करणाऱ्याला 'चोदक'. चोदकाने योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे आणि मनात द्वेष न ठेवता मैत्रीने बोलावे, असे भगवंतांचे सांगणे आहे. शिवाय आरोप करण्यापूर्वी त्याने आपले स्वतःचे आचरणही तपासायचे असते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी उपालींना प्रत्येक नियमाविषयी जे प्रश्न विचारले, ते कोठे घडले, कोणाच्या बाबतीत घडले, काय घडले, असेच होते. स्थळ, व्यक्ती आणि वस्तू यांवाचून विनयात दोष सिद्ध होत नाही.

या कसोटीला 'ब्रोकन पीपल' मोठ्या प्रमाणात उतरते. मराठी वाचकाने त्यातील रमाबाई नगरावरील भाग प्रथम वाचावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक महामार्गावर जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले, हे सर्वज्ञात आहे. पोलिसांची बाजू अशी होती की, जमाव गॅसचा टँकर पेटवून देण्याच्या बेतात होता. ग्रंथकर्तीने येथे आक्रोश केलेला नाही. कोण कोठे उभे होते, गोळी कोठे लागली, टँकर कोठे होता, कोण काय सांगतो, एवढेच ती नोंदवीत जाते. तिची भाषा कोरडी आहे आणि हा कोरडेपणाच तिचे बळ आहे. आपल्याकडे अत्याचाराची हकीकत लिहिताना विशेषणांची जी गर्दी होते, तिने वाचक हळहळतो खरा, परंतु टँकर कोठे होता हे त्याला कळत नाही. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला तो अशाच तपशिलांच्या बळावर. तुकडीच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेप दिली, तेव्हा २००९ साल उजाडले होते.

ग्रंथाच्या शीर्षकाशी मात्र माझा मतभेद आहे. 'दलित' या शब्दाचा अर्थ म्हणून 'मोडलेली माणसे' हे शब्द तेथे घेतले आहेत. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात हाच इंग्रजी शब्द वापरला होता. पण तेथे त्याचा अर्थ निराळा आहे. टोळीयुद्धांत पराभूत होऊन गावाबाहेर वस्ती करून राहिलेले, बौद्ध असलेले आणि तो धम्म न सोडल्यामुळे तिरस्कार वाट्याला आलेले लोक, असा तो सिद्धान्त आहे. तो इतिहास म्हणून सर्वांना पटेल की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु बाबासाहेबांच्या शब्दामागे पराभवाचा आणि नकाराचाही इतिहास उभा आहे. अहवालाच्या शब्दामागे केवळ अवस्था उरते. ज्याने काही नाकारले होते तो माणूस दिसेनासा होतो आणि ज्याच्यावर काही केले गेले तोच शिल्लक राहतो. बाहेरच्या जगापुढे फिर्याद नेताना पीडिताला केवळ पीडित म्हणून उभे करण्याचा मोह होतो, कारण ऐकणाऱ्याला तसाच तो हवा असतो. ग्रंथातील साक्षी या मोहापासून पुष्कळ अंशी मुक्त आहेत; शीर्षक तेवढे नाही.

आता उत्तराकडे वळू. वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने ३ डिसेंबर १९६८ रोजी स्वीकारला. या कराराच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण, 'डिसेंट' म्हणजे जन्मपरंपरा, आणि राष्ट्रीय वा वांशिक मूळ, अशी भेदभावाची कारणे सांगितली आहेत. यांपैकी जन्मपरंपरा हा शब्द १९६५ साली भारताच्याच दुरुस्तीने मसुद्यात आला. असे असताना १९९६ मध्ये कराराच्या समितीपुढे भारताने जातीचा प्रश्न या कराराच्या कक्षेत येत नाही, कारण जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेतली. समितीने ती अमान्य केली. ऑगस्ट २००२ मध्ये समितीने आपल्या एकोणतिसाव्या सर्वसाधारण शिफारशीत जन्मपरंपरा या शब्दात जातिव्यवस्था अंतर्भूत होते, असे निःसंदिग्ध लिहिले. २७ डिसेंबर २००६ रोजी दिल्लीत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाशी केली. आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, त्यांच्याच शासनाच्या प्रतिनिधींनी जिनिव्हा येथे जात हा वंश नव्हे, हे जुनेच उत्तर पुन्हा दिले.

जात म्हणजे वंश नव्हे, हे विधान असत्य नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधापासून जातीचा वांशिक सिद्धान्त नाकारला होता. दरबानच्या पूर्वी आंद्रे बेतेय यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञानेही जातीला वंश म्हणण्यास विरोध केला, तो शासनाची भलामण करण्यासाठी केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्यातील काही उत्साही वक्त्यांनी दरबानमध्ये जात आणि वंश एकच असल्याचे सांगितले. चोदनेच्या दुसऱ्या अटीप्रमाणे, म्हणजे खरेपणाच्या अटीप्रमाणे, ते उणे होते. २००७ च्या अहवालाचे 'हिडन अपार्थाइड' हे शीर्षकही मला त्याच कारणाने दुबळे वाटते. उसनी उपमा घेतली की प्रतिपक्ष मूळ प्रश्न सोडून उपमेशीच वाद घालीत बसतो.

परंतु विधान खरे असले तरी ते उत्तर ठरते काय? येथे वासेट्ठ सुत्ताचे स्मरण होते. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद आहे: ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने? भगवंत गवत, झाडे, कीटक, सर्प, मासे, पक्षी यांच्यापासून आरंभ करतात. यांच्यात जन्मतः वेगळी चिन्हे आहेत, म्हणून यांच्या 'जाती' वेगळ्या. माणसांच्या केसांत, डोळ्यांत, ओठांत, हातापायांत तशी वेगळी चिन्हे नाहीत. माणसामाणसांतील भेद ही 'समञ्ञा' आहे, लोकांनी ठरविलेले नाव आहे. म्हणजे माणसाच्या जाती हे वंश नव्हेत, हे जिनिव्हाच्या कितीतरी शतके आधी इच्छानंगलाच्या वनात सांगून झाले आहे. फरक एवढाच की, तेथे ते आरोपाचा पाया म्हणून सांगितले होते आणि येथे बचाव म्हणून सांगितले जाते. निसर्गात नसलेला भेद लोकांनी जन्मावर लादला, हाच तर दोष! जन्मपरंपरा हा शब्द करारात आला, तो नेमका असा भेद पकडतो: शरीरात ज्याचे चिन्ह नाही, परंतु आईबापांच्या नावावरून जो चिकटतो. शासनाचे वकील वासेट्ठ सुत्ताचा पूर्वार्ध म्हणतात आणि उत्तरार्धापाशी थांबतात.

विनयातील छन्न भिक्खूची कथा या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. कोसंबीच्या घोसितारामात छन्नाकडून दोष घडला. संघाने विचारणा केली, तेव्हा तो सरळ उत्तर देईना. कोणाकडून दोष घडला, कोणता दोष, कोणत्या बाबतीत, तुम्ही कोणाला म्हणता, काय म्हणता, असे प्रश्नावर प्रश्न तो करीत राहिला. भगवंतांनी अशा वागण्याला 'अञ्ञवादक' हे नाव देऊन तो स्वतंत्र दोष ठरविला. प्रतिप्रश्न केल्यास दोष लागतो असे पाहून छन्न पुढे गप्प बसू लागला. मौनाने संघाला बेजार करू लागला. त्यालाही 'विहेसक' असे नाव मिळाले. मूळ दोष सिद्ध होवो वा न होवो, उत्तर चुकविणे हा स्वतःच एक दोष आहे, हा विनयाचा विचार मला विलक्षण आधुनिक वाटतो.

वर उल्लेखिलेल्या कोपनहेगनच्या संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेकडे सल्लागार दर्जासाठी २००८ साली अर्ज केला. स्वयंसेवी संस्थांच्या समितीत कोणत्याही सदस्य देशाने लेखी प्रश्न विचारला की अर्ज पुढील बैठकीपर्यंत लांबतो, असा तेथील रिवाज आहे. भारताने प्रश्न विचारला. संस्थेने उत्तर दिले. भारताने पुन्हा प्रश्न विचारला. वर्षामागून वर्षे गेली, प्रश्नांची संख्या शंभराच्या आसपास पोचली, त्यांतील अनेक तेच ते होते. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेत मतदान होऊन दर्जा मिळाला. हे झाले अञ्ञवादक. विहेसकाचेही उदाहरण आहेच. २००७ च्या सुनावणीनंतर वांशिक भेदभाव समितीकडे पुढील अहवाल जानेवारी २०१० मध्ये जायचा होता. त्यानंतर एक तप उलटले तरी तो गेला नाही.

भारताकडे १९५५ चा आणि १९८९ चा कायदा आहे, सतरावे कलम आहे, आरक्षण आहे; ही यादी प्रत्येक उत्तरात असते व ती खरी आहे. परंतु खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली, आणि २००८ च्या निकालात सहा जणांना फाशी सुनावणाऱ्या न्यायालयाला १९८९ चा कायदा त्या प्रकरणात लागू होतो असे वाटले नाही. कायदा आहे काय, असे समितीने विचारलेच नव्हते.

आता प्रश्न उरतो तो परिणामाचा. माझ्या रविवारच्या पाली वर्गाला चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यातील उपासक येतात. छन्नाची कथा शिकवून झाल्यावर ते म्हणाले, "सर, आमच्याकडे परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट असलं की आठ दिवस आधी सगळं रंगवून काढतात. हातमोजे मिळतात, प्यायच्या पाण्याचा कूलर दुरुस्त होतो. ऑडिटवाला गेला की मोजे परत कपाटात. पण त्यानं एनसी काढली ना, तर ती तारखेच्या आत क्लोज करावी लागते, नाहीतर ऑर्डर जाते. तुमच्या जिनिव्हाची ऑर्डर कोण काढून घेणार?" विद्यापीठातील चर्चासत्रांत मी या विषयावर पुष्कळ ऐकले आहे, याहून नेमका आक्षेप ऐकल्याचे आठवत नाही.

त्यांना मी जे उत्तर दिले ते अपुरेच होते. छन्नाने दोष पाहण्यास नकार दिल्यावर संघाने त्याच्यावर उक्खेपनीयकम्म केले. त्यासोबत भगवंतांनी आणखी एक गोष्ट करावयास सांगितली: ही वार्ता एका आवासातून दुसऱ्या आवासात कळवावी. छन्न कोसंबी सोडून दुसरीकडे गेला, तर तेथील भिक्खूंनी त्याला अभिवादन केले नाही. तेथून तिसरीकडे गेला, तेथेही तेच. कोणी त्याला मारले नाही, कोंडले नाही. जाईल तेथे आपली वार्ता आपल्याआधी पोचलेली आहे, एवढेच त्याला जाणवत गेले, आणि तो परत आला. आंतरराष्ट्रीय फिर्यादीचे सामर्थ्य कितीही अल्प असले तरी ते या प्रकारचे आहे. अर्थात छन्नाला परतायचे होते. संघाशिवाय त्याला जागा नव्हती. ज्या राज्याला प्रत्येक आवासात व्यापारासाठी पायघड्या घातल्या जातात, त्याला वार्तेचे काय भय? उपासकांचा आक्षेप येथे तसाच उभा राहतो. आणखी एक सावधगिरी हवी. बहिष्कार हे जातीचेच जुने हत्यार आहे. महाराष्ट्राला २०१६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. संघाचे कर्म जन्मावरून होत नव्हते, आचरणावरून होत होते, आणि आचरण सुधारताच ते मागे घेतले जात होते. हा भेद न पाहता दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणारे टीकाकार आहेत, म्हणून हे लिहिले.

आपल्या अगदी जवळच्या प्रकरणाविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. चाकणहून शिक्रापूरकडे निघालेला रस्ता नगर रस्त्याला मिळतो, तेथून सणसवाडी आणि कोरेगाव भीमा हाकेच्या अंतरावर आहेत. १ जानेवारी २०१८ रोजी विजयस्तंभाला अभिवादन करण्यास आलेल्यांवर तेथे हल्ले झाले. दुसऱ्याच दिवशी पिंपरी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि तो पुढे शिक्रापूरकडे वर्ग झाला. काही दिवसांनी पुण्याच्या विश्रामबाग ठाण्यात दुसरा गुन्हा नोंदला गेला, तो शनिवारवाड्यावरील एल्गार परिषदेविषयीचा. या दुसऱ्या गुन्ह्याचा प्रवास पुण्याहून राष्ट्रीय तपास यंत्रणेपर्यंत झाला, सोळा जणांना अटक झाली, डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे भीमजयंतीच्याच दिवशी, स्वाधीन झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारले. त्यांची कैद मनमानी होती, असा अभिप्राय राष्ट्रसंघाच्या संबंधित कार्यगटाने त्यांच्या मृत्यूनंतर दिला.

जगाने या प्रकरणाविषयी जे लिहिले, ते बहुतेक सर्व दुसऱ्या गुन्ह्याविषयी आहे. तुरुंगातील लेखक, वकील आणि प्राध्यापक यांच्याविषयी पत्रे निघाली, निवेदने झाली; ती व्हावयासच हवी होती. परंतु पिंपरी ठाण्यात जी पहिली तक्रार नोंदली गेली, सणसवाडीत ज्यांची घरे-दुकाने जळाली, त्या दिवशी पोराबाळांसह ज्यांना उसातून पळावे लागले, त्यांच्या साक्षी जगापुढे कितीशा गेल्या? रमाबाई नगरात टँकर कोठे होता हे विचारणारे कोणीतरी आले होते. येथे दगड कोणत्या छपरावरून आले, पोलीस किती होते आणि कोठे होते, हे त्याच चिकाटीने विचारून, लिहून, दुसऱ्या आवासाला कळविण्याचे काम मागे पडले. जगाला परिचित नावांविषयी आस्था वाटते, हे समजण्यासारखे आहे. आपणही त्याच नावांमागे गेलो, हे तितकेसे समजण्यासारखे नाही. वाहनचालक, कंत्राटी कामगार, भोसरीच्या वर्कशॉपमधला फिटर अशांपैकी पुष्कळजण त्या दिवशी तेथे होते आणि दर रविवारी आपल्याच विहारात बसतात. त्यांची साक्ष घेण्यास न्यूयॉर्कहून कोणी यावे लागत नाही.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती मूर्ती रंगूनहून आलेली होती. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. अस्सलायन सुत्तात चार वर्णांचा अभिमान सांगणाऱ्या तरुणाला भगवंतांनी योन आणि कंबोज या सीमेपलीकडच्या देशांचा दाखला दिला: तेथे स्वामी आणि दास असे दोनच वर्ण आहेत आणि तेही अदलाबदल होतात. घरातले भांडण बाहेर नेऊ नये, असे आम्हांला सांगणाऱ्यांनी हा दाखला वाचलेला नसावा.

रमाबाई नगरावरचा तो भाग आमच्या वर्गासाठी मराठीत उतरविण्यास आम्ही आरंभ केला आहे. चाकणचे उपासक इंग्रजी वाक्य वाचतात, दुसरे एक निवृत्त शिक्षक मराठी लिहितात. पोलिसांचा जबाब संपला आहे, पहिल्या साक्षीदाराची हकीकत चालू आहे. शीर्षकातील पहिल्या शब्दाला मराठी शब्द कोणता द्यावा, यावर तीन रविवार वाद झाला. तूर्त ती जागा कोरी ठेवली आहे.